बोलणारी एकटी पडू नये म्हणून

भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल, फक्त आवाज थोडा मोठा करा. आज मी किन्हीराजातून तुमच्याशी बोलते आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते झाले, अंतर्गत कर्जाचा हिशेब झाला. मग विषय निघाला, की निरोप लवकर पोचावा म्हणून मोबाइलवर गटाचा एक ग्रुप काढावा. सगळ्या हो म्हणाल्या. पण चालवायचा कोणी? एक म्हणाली, माझा पोरगा चालवेल. दुसरी म्हणाली, माझे दीर चालवतील, त्यांच्याकडे मोठा फोन आहे. आम्ही बारा जणी. त्यातल्या पाच जणींकडे स्वतःचा फोन. बाकीच्या सात जणींनी नंबर दिले ते नवऱ्याचे, नाहीतर मुलाचे. म्हणजे बायांच्या ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त पुरुषच बसणार होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद आजी बोलल्या, "अवो, पन गुरुप चालवनं म्हंजे नेमकं काय करनं असते, ते तं सांगा आधी!"

आम्ही हसलो. पण उत्तर कोणाजवळच नव्हतं. मी घरी आले, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. आज जगभर माणसं मोबाइलवर ग्रुप काढून अन्यायाविरुद्ध उभी राहतात. त्या ग्रुपचं नेतृत्व करणारी माणसं काय करतात? आजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी थोडी मागे गेले. फार लांब नाही, शेजारच्या बुलढाण्यापर्यंत.

बुलढाण्याच्या ताराबाई

साल १८८२. आपलं वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. वाशीम तेव्हाही जिल्हाच होता. पुढे १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. तर त्या काळी बुलढाण्याला ताराबाई शिंदे नावाच्या एक बाई राहत होत्या. वडील सरकारी कचेरीत नोकरीला आणि जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं.

त्याच्या आदल्या वर्षी सुरतेला एक खटला गाजला होता. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलाजेपायी तिने ते मारलं. कोर्टाने आधी फाशी दिली, नंतर शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली, ती सगळी बायांच्या चालचलणुकीवर. बाया कशा बिघडल्या, त्यांना कसं धाकात ठेवायला पाहिजे. त्या विधवेला या अवस्थेत आणणारा पुरुष कोण, हे विचारायला कोणी तयार नव्हतं.

ताराबाईंनी बुलढाण्यात बसून हे वाचलं. सुरत त्यांनी पाहिलीही नसेल. ती विधवा त्यांच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती. तरी त्यांनी लेखणी उचलली आणि 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. ते पुण्यात छापलं गेलं. बायांवर जे जे दोष लादता, ते पुरुषांमध्ये नाहीत काय, असा सरळ सवाल त्यात होता.

मग काय झालं? टीका झाली, टवाळी झाली. महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांनी लिहूनही पाठिंबा दिला. पण ताराबाईंच्या बरोबरीने चालणारी, त्यांच्या दारात येऊन बसणारी बायांची फळी नव्हती. त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलं पुस्तकही लोक विसरून गेले. नव्वदहून जास्त वर्षांनी, १९७५ मध्ये, अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की आपल्याकडे अशी एक बाई होऊन गेली.

मैत्रिणींनो, ताराबाईंचा आवाज लहान नव्हता. पण त्या एकट्या होत्या. एकटीचा आवाज कितीही खरा असला, तरी त्याला दाबणं सोपं असतं. पुढचा सगळा इतिहास ऐकताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

पन्नास-साठ जणांचा ग्रुप

आता एकदम एकशे पस्तीस वर्षं पुढे येऊ. साल २०१७, गाव पुण्याजवळचं पिंपरी.

कंजारभाट समाजात एक जुनी रीत होती. लग्नाच्या रात्री नवरीच्या अंगाखाली पांढरी चादर अंथरायची आणि सकाळी जातपंचायतीच्या पंचांसमोर विचारायचं, मुलगी 'खरी' निघाली का 'खोटी'. डाग नसला, तर मुलीचा अपमान, मारहाण, दंड. वैद्यकशास्त्र सांगतं की अशा डागावरून काहीही सिद्ध होत नाही. पण पंचांपुढे बोलायची सोय नव्हती. बोललं की घर वाळीत.

हे ऐकून तो समाजच वाईट, असं म्हणू नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. कंजारभाटही त्यात भरडले गेले. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला. ज्यांना पोलीस आणि कचेरी या दोन्हींची भीती, ते लोक न्यायासाठी आपल्याच पंचांकडे जाणार. पंचांचं वजन असं वाढत गेलं. आणि बायांची परीक्षा पाहणाऱ्या रिती कोणत्या समाजात नाहीत? चादर नसेल, पण दुसरं काहीतरी असतंच.

या रितीला नकार देणारे आधीही होते. कृष्णा आणि अरुणा इंद्रेकर या जोडप्याने नव्वदच्या दशकात आपल्या लग्नात नकार दिला होता आणि बहिष्कार सोसला होता. पण ते एकच घर होतं. २०१७ च्या अखेरीस विवेक तमायचीकर या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला. नाव इंग्रजी, 'स्टॉप द व्ही रिच्युअल', म्हणजे ही कौमार्य परीक्षा थांबवा. किती माणसं असतील त्यात? जेमतेम पन्नास-साठ. त्यातल्या निम्म्याच्या आसपास मुली.

वेगवेगळ्या गावांत राहणारे, मनातून चिडलेले, पण घरात गप्प बसणारे हे तरुण. प्रत्येकाला वाटत होतं, असा विचार करणारे आपण एकटेच. ग्रुपमुळे त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखे आणखी आहेत. या ग्रुपचं पहिलं काम एवढंच, पण ते फार मोठं.

पुढे मात्र नुसत्या मोबाइलवर भागलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीच्या भाटनगरात एका लग्नात ग्रुपमधल्या तीन तरुणांना मारहाण झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्या बाजूने समाजातल्या लोकांनी पुण्यात मोर्चा काढला, की ही पोरं समाजाची बदनामी करतात. त्या मोर्चात बायाही होत्या. यात नवल वाटून घेऊ नका. जिने आयुष्यभर रीत सोसली, तिला ती रीत चुकीची होती हे मान्य करणं फार जड जातं.

मे २०१८ मध्ये विवेक आणि ऐश्वर्या भाट यांचं लग्न झालं. त्यांनी चादरीला सरळ नकार दिला. त्याच वर्षी नवरात्रात ऐश्वर्या दांडिया खेळायला गेली, तर तिला तिथून बाहेर जायला लावलं, अशी तिने पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा नोंदला गेला तो सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली. हा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१६ मध्ये केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. कोणाला वाळीत टाकलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदाही आपोआप आला नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध गावोगाव फिरत होते, पीडितांना घेऊन पोलीस ठाण्यात जात होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री डॉ. रणजित पाटील यांनी जाहीर केलं, की अशी परीक्षा घेणं हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार समजला जाईल. हे मंत्री आपल्या शेजारच्या अकोल्याचे. त्याच वर्षी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून कौमार्य चाचणीचा भाग काढला. त्यामागे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांचा पाठपुरावा होता.

आता हिशेब मांडून पाहा. ग्रुप पन्नास-साठ जणांचा. त्याला वकिलांची, संघटनेची, पत्रकारांची, डॉक्टरांची जोड मिळाली. पण सुरुवात कशी झाली? मार खाऊन आलेल्याबरोबर पोलीस ठाण्यात जायला माणसं होती, तिथून. ताराबाईंना जे मिळालं नाही, ते या तरुणांनी एकमेकांना दिलं.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. अमेरिकेत तराना बर्क नावाच्या काळ्या वर्णाच्या कार्यकर्त्या बाईने २००६ पासून अत्याचार सोसलेल्या मुलींसाठी काम सुरू केलं. 'मी टू', म्हणजे 'माझ्याबरोबरही झालं', हे शब्द तिने त्या कामासाठी निवडले. हे शब्द २०१७ मध्ये मोबाइलवरून साऱ्या जगात गेले. लोकांना वाटलं, एका रात्रीत झालं. त्या रात्रीच्या मागे अकरा वर्षं मुलींसोबत बसणं, ऐकणं होतं.

राईनपाड्याचा रविवार

पण मैत्रिणींनो, मोबाइल चांगलाच, असं सांगून मी उठले तर ते अर्धं सांगितल्यासारखं होईल. दुसरी बाजूही ऐकायला हवी.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे गाव. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. त्यातले बहुतेक मूळचे सोलापूरकडचे. त्या दिवसांत मोबाइलवर एक निरोप गावोगाव फिरत होता, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. कोणी लिहिलं, कुठून आलं, कोणालाच माहीत नाही. बाजारात कोणालातरी संशय आला. जमाव जमला. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जीव गेले. त्यांनी कोणाचं मूल पळवलं नव्हतं.

तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्या आयाही असतील. लेकरांच्या काळजीने त्यांनी बोट दाबलं असेल. मनात पाप नसेल. पण त्या निरोपाने पाच घरं उजाड केली.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक बंधन आलं. जो निरोप खूप वेळा पुढे गेला आहे, त्यावर दोन बाण दिसतात, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तुमच्या फोनवर ते दोन बाण दिसले, की समजा, हे बोलणं कुठल्या कुठून फिरत आलं आहे, बोलणारा कोण ते ठाऊक नाही.

आजींच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर इथे मिळतं. ग्रुप चालवणं म्हणजे काय पाठवायचं हे ठरवणं, आणि काय पाठवायचं नाही हेही ठरवणं. ग्रुपमध्ये एकीने जरी विचारलं असतं, "कोणत्या गावचं मूल गेलं? आईचं नाव काय? पोलीस पाटलांना विचारलं का?" तर तो निरोप तिथेच थांबला असता.

कायदा काय म्हणतो

बायांना अॅडमिन व्हायला सांगितलं की पहिली भीती असते पोलिसांची. "कोणी काही भलतंच टाकलं तर मला धरतील का?" ही भीती उगाच नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली होती. एकीने मुंबई बंद होण्याबद्दल फेसबुकवर आपलं मत लिहिलं आणि दुसरीने त्याला पसंती दिली, एवढ्यावरून. देशभर संताप झाला. दिल्लीतली तरुण मुलगी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं '६६ अ' हे कलम रद्द केलं. दोन मुलींवरचा अन्याय एका तिसऱ्या अनोळखी मुलीने आपला मानला, म्हणून हे झालं.

आणि अॅडमिनचं काय? गोंदिया जिल्ह्यातल्या एका अॅडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. ग्रुपमधल्या दुसऱ्या माणसाने एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं, आणि अॅडमिनने त्याला काढलं नाही, असा आरोप होता. १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसत नसेल, तर सभासदाच्या लिहिण्यासाठी अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. ग्रुपमध्ये घेणं आणि काढणं, मुख्यतः एवढाच त्याचा अधिकार.

म्हणून भिऊ नका. पण यातली दुसरी गोष्टही बघा. जिच्याबद्दल घाणेरडं लिहिलं गेलं, त्या बाईला कसं वाटलं असेल? कायदा अॅडमिनला सोडेल, पण आपलं मन सोडेल का? आता अॅडमिनला दुसऱ्याचा निरोपही सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. ती सोय वापरायला शिकलं पाहिजे.

कोरोनातल्या एकल बहिणी

आता जी गोष्ट सांगते, ती तुमच्या-माझ्या अंगणातली आहे. २०२१ चा उन्हाळा आठवा. कोरोनाची दुसरी लाट. दवाखान्यात जागा नाही, प्राणवायू नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींचं कुंकू त्या दोन-तीन महिन्यांत गेलं. वय तीस, पस्तीस. पदरात लहान लेकरं. दवाखान्याचं कर्ज डोक्यावर. सासरी कोणी म्हणे, आता माहेरी जा. माहेरी म्हणत, किती दिवस राहशील?

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले इथले लेखक आणि कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी या बायांचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी समाजमाध्यमांवर लिहिलं, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या संस्थांना आणि कार्यकर्त्यांना हाक दिली, आणि 'कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती' उभी राहिली. टाळेबंदीच्या दिवसांत सभा घेणं शक्य नव्हतं. मग मोबाइलवर बैठका झाल्या, जिल्ह्या-जिल्ह्यांचे ग्रुप झाले.

हे ग्रुप काय करत होते? घोषणा थोड्या, काम जास्त. आपल्या तालुक्यात कोण कोण एकल झालं, याच्या याद्या. कोणाचा मृत्यूचा दाखला राहिला, कोणाची वारस नोंद झाली नाही, कोणाला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा आहे. तेव्हा त्या योजनेत महिन्याला १००० रुपये मिळत, २०२३ पासून ते १५०० झाले. ग्रुपवर प्रश्न यायचा, आणि ज्या कार्यकर्त्याला उत्तर माहीत असेल तो उत्तर द्यायचा. मग कोणीतरी त्या बाईच्या घरी जायचं, फॉर्म भरायचा, तिला घेऊन तहसीलला जायचं.

२७ ऑगस्ट २०२१ ला सरकारने 'मिशन वात्सल्य'चा शासन निर्णय काढला. तालुका पातळीवर समिती आणि एकल बायांना, अनाथ लेकरांना सगळ्या योजना एकत्र मिळवून द्यायच्या, असं त्यात होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मदतीला मंजुरी दिली. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने मदत नाकारता येणार नाही, हेही सांगितलं. पण हा अर्ज ऑनलाइन करायचा होता. आधार, पासबुक, तपासणीचा अहवाल, सगळं मोबाइलवरून चढवायचं. जिच्या घरातला एकच फोन नवऱ्याचा होता आणि नवराच गेला, तिने काय करायचं? अशा वेळी ग्रुपमधलं माणूस तिच्या दारात आलं, तरच त्या शासन निर्णयाला अर्थ होता. ज्या घरी कोणी पोचलं नाही, तिथे बाई कागदासाठी हेलपाटे घालत राहिली.

याच काळात आणखी एक हाक उठली. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी मुद्रांकावर लिहून दिलं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीचं कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोनच दिवसांनी, ६ मे ला, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. बातमी मोबाइलवरून राज्यभर गेली. १७ मे २०२२ ला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. तेरा दिवसांत एका गावचा ठराव राज्यभरच्या ग्रामपंचायतींसमोर आला.

ताराबाईंनी १८८२ मध्ये एका विधवेसाठी लेखणी उचलली होती. एकशे चाळीस वर्षांनी ग्रामसभेत हात वर झाले. तरी खरं सांगू? ठराव कागदावर राहिला, तर हळदी-कुंकवाला ती बहीण अजूनही मागेच बसणार. तिला पुढे बोलवायचं काम शासन निर्णय करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

आपल्या ग्रुपचं काय

आता पुन्हा आमच्या बैठकीकडे येते. हा सगळा इतिहास मी गटात सांगितला. दोन तास गेले. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर घ्या, नाहीतर तुमच्या ठरवा.

पहिली गोष्ट, अॅडमिन बाईच असेल, आणि एक नाही, दोघी असतील. एकीच्या घरी अडचण आली, फोन बिघडला, तर दुसरी आहे. पोरांनी शिकवावं, जरूर शिकवावं, पण चालवू आपण.

दुसरी, जिच्याकडे फोन नाही, तिला एक सोबतीण. आलेला निरोप सोबतिणीने तिला त्याच दिवशी वाचून दाखवायचा. नवऱ्याच्या फोनवर बाईच्या मनातलं पाठवायचं नाही.

तिसरी, कोणावर अत्याचार झाला, कोणाच्या घरात मारहाण आहे, तर नाव, फोटो, गाव ग्रुपवर टाकायचं नाही. ग्रुपवर एवढंच, "आज संध्याकाळी भेटू." बाकी बोलणं समोरासमोर. लगेच मदत हवी असेल, तर महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर सगळ्यांना पाठ असावेत.

चौथी, दोन बाणांचा निरोप आला, की पुढे पाठवण्याआधी अंगणवाडीच्या ताई, आशाताई, नाहीतर पोलीस पाटील यांना विचारायचं. विचारायला लाजायचं नाही. राईनपाड्यात कोणी विचारलं नाही.

पाचवी गोष्ट आजींनी सांगितली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, "जे बाई बोलनं, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या दोघी जनी गेल्याच पायजे. चहा पेऊन या, पन जा."

मैत्रिणींनो, ग्रुप चालवणं म्हणजे काय, हे आजींना आमच्यापेक्षा आधी कळलं. ग्रामसभेत रस्त्याबद्दल विचारणारी, रेशनच्या मापाबद्दल बोलणारी, मुलीचं लग्न अठराच्या आत करणार नाही असं सासऱ्याला सांगणारी, अशी एखादी बाई प्रत्येक गावात असते. ती बोलते, त्या दिवशी सगळे ऐकतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते, जेव्हा तिच्याशी विहिरीवर कोणी बोलत नाही. त्या दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जी जाते, तिने ग्रुप चालवला असं समजा. मग तिच्या हातात फोन असो की नसो.

आमच्या ग्रुपमध्ये आज बारा जणी आहेत. अॅडमिन दोघी. एक दहावी शिकलेली, दुसरी चौथी. कालच एकीने ग्रुपवर लिहिलं, की तिच्या वारस नोंदीचं काम अडलं आहे. सोमवारी आम्ही तिघी तिच्याबरोबर मालेगावला तहसीलमध्ये जाणार आहोत. काय होतं ते पुढच्या वेळी सांगेन.

तोवर तुम्हीही बघा, तुमच्या गावात परवा कोण बोललं होतं, आणि काल तिच्या घरी कोणी गेलं होतं का. नमस्कार.